ओमानातलं घर शोधायला सेनगाव, बाळापूर आणि हट्टा

आधीच कबूल करते, म्हणजे पुढं तुमची फसवणूक व्हायला नको. हे प्रवासवर्णन परदेशाचं नाही. तीन दिवसांच्या या प्रवासात मी हिंगोली जिल्ह्याबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही. पण ज्यांना आखातात कुठं राहावं हा प्रश्न पडलाय, त्यांना यातलं बरंच उपयोगी पडेल. आणि दुसऱ्याच्या परदेशामुळं ज्यांच्या पोटात दुखतंय, त्यांनी तर नक्की वाचावं, कारण माझ्या पोटात लय दुखत होतं.

तर झालं असं. माझी धाकटी बहीण सविता ओमानला राहायला निघाली. सविता! हिंगोलीहून कळमनुरीला जायचं तरी जिला खिडकी, लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी लागते ती सविता. शाळेच्या सहलीला जायला नको म्हणून जी ताप आल्याचं सोंग करायची ती सविता. आणि मी? मी गेली सहा वर्षं हा ब्लॉग लिहितेय. कॉलेजच्या ग्रंथालयातली कारकुनी सांभाळून औंढा, माहूर, लोणार, वेरूळ असं जिथं एसटी जाते तिथं जाऊन आले. नऊ वर्षांपूर्वी हौसेनं पासपोर्ट काढला, त्याची पानं अजून कोरी करकरीत आहेत. आमचे हे म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष काही येत नाही, आणि सविताला मात्र मागितलं नसताना सगळं ताटात वाढून आलं. कुणी काही म्हणो, मला राग आला होता. तिच्यावर, तिच्या नवऱ्यावर, विमान कंपन्यांवर, सगळ्यांवर.

तिचा नवरा गजानन पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर इंजिनियर आहे. दिवाळीनंतर तो पुढं गेला. आता सविताचा आणि त्यांच्या पाच वर्षांच्या जुईचा व्हिसा आला. गजाननने दोन घरं बघून ठेवली होती आणि फोटो पाठवले होते. एक बाजारातलं, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली किराणा आणि बेकरी. दुसरा बंगला, गावाच्या अगदी टोकाला, तीन खोल्या, मोठा हॉल, भोवती भिंत, फाटक, अंगण. पलीकडं नुसतं वाळवंट. भाडं दोन्हीचं जवळपास सारखंच. शनिवारी संध्याकाळपर्यंत मालकाला सांगायचं होतं.

सविता फोटो उलटेपालटे करून थकली. मग आई म्हणाली, "तिकडं राहून आलेल्या बायांना जाऊन विचारा ना. पोरगी द्यायच्या आधी चौकशी करत न्हाईत का आपण? इथं तर अख्खी पोरगी अन् नात परक्या मुलखात द्यायलोत."

आमच्याकडची ही पद्धत बाहेरच्यांना सांगावी लागते. सोयरीक करायची तर माणसं त्या गावात जातात, पारावर बसतात, शेजाऱ्याला विचारतात, पाणी किती लांबून आणावं लागतं ते बघतात. फोनवर केलेली चौकशी चौकशीत धरत नाहीत, कारण फोनवर माणूस गोडच बोलतो. समोर बसला की तोंड लपत नाही. म्हणून चैत्रातल्या भर उन्हात आम्ही दोघी निघालो. सविता म्हणाली, "ताई, तू चल. तुला प्रवासातलं कळतं." बरं वाटलं आणि तेवढंच झोंबलंही.

गुरुवार. सेनगाव.

सकाळी साडेसातला हिंगोली बसस्टँडच्या बाहेर सुशीला खाल्ला. परगावच्या वाचकांसाठी सांगते, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, वर शेंगदाणे, लिंबू आणि बाजूला तळलेली मिरची. पोटाला हलका, प्रवासाला उत्तम. सविताने नुसता चहा घेतला आणि उलटीची गोळी. एसटी असेल तर बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं घाई नसेल तर बसचीच वाट बघा. काळीपिवळी जीप लवकर निघते असं म्हणतात, पण ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे किती याला काही सुमार नाही. आम्ही बस धरली. रस्त्याला दोन्हीकडं उघडी रानं. तुरीची धसकटं उभी, कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या, सावली म्हणाल तर कुठं एखादं बाभळीचं झाड.

सविताने वाटेत फोन काढून बंगल्याचा फोटो परत दाखवला. भिंतीवर गुलाबी बोगनवेल चढलेली. "ताई, तुझ्या हॉलपेक्षा दुप्पट असंल ना गं हा?"

ती साधं विचारत होती, हे मला आज कळतंय. त्या वेळी मी म्हणाले, "फोटोत सगळंच मोठं दिसतं," आणि खिडकीबाहेर बघत बसले.

सेनगावला मालतीकाकूंचं घर स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, वावराला लागून. काकू आईच्या माहेरच्या नात्यातल्या. काका क्रेनवर होते, त्यामुळं आठ वर्षं ओमानात राहून आलेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सविताचा चेहरा पांढराफटक. गोळी असूनही एकदा गाडी थांबवावी लागली होतीच. काकूंनी तिला आतल्या खोलीत आडवं केलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं आणि पाच मिनिटांत ती झोपलीसुद्धा. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले. काकू भाकरी थापत होत्या. मी फोनवरचे दोन्ही फोटो दाखवले.

बंगल्याचा फोटो बघून काकूंचा हात परातीतच थांबला.

"असंच होतं आमचं," त्या म्हणाल्या. "असंच फाटक. पहिल्या दिवशी मी म्हणलं, काय नशीब काढलं! आन् मग उन्हाळा लागला. हे सकाळी सहाला जायचे. गाडी त्यांच्याजवळ. मला गाडी येत न्हाई, तिथं बस न्हाई. शेजार म्हणावं तर एक बंद गोडाऊन."

"मग दिवसभर?"

"दिवसभर भिंती. ते राहू दे. ते सहन व्हतं." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात पुसले. "दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जून होता. दूध संपलं. दुकान घरातून दिसायचं बरं का. सपाट मुलूख, मधी झाड न्हाई झुडूप न्हाई, म्हणून जवळ वाटायचं. मी म्हणलं, आपण सेनगावच्या. मे महिन्यात भर दुपारी वावरात शेणखत पांगलेलं. आपल्याला ऊन काय शिकवतंय? बंटीला घेतलं बोटाला. सहा वर्षांचं लेकरू. अर्ध्या वाटंत त्याचं बोलणं बंद झालं. मी म्हणलं रुसला. मग हात सुटला."

मी फोन पालथा ठेवला.

"रस्त्यात पडला. घाम न्हाई, अंग नुसतं तव्यावानी. कुठं न्यावं? सावली म्हणजे माझी स्वतःची. त्याच्यावर वाकून बसले. एक लॉरीवाला आला म्हणून वाचला. चार दिवस दवाखान्यात होता. आता कॉलेजला हाय, चांगलाय, पण ऊन लागलं की डोकं धरून बसतो." काकूंनी भाकरी उलटली. "आपल्या लोकांची हीच चूक व्हती बघ. आपण म्हणतो, हिंगोलीचा उन्हाळा काढलाय. तिथल्या उन्हात चालायचंच नसतंय. जिना उतरला की दुकान पाहिजे. घर ल्हान असू दे. हे तिला सांग बरं तू. मी सांगितलं तर पोरगी इथंच घाबरून जायची. तू मोठी हायेस, तुझ्या पद्धतीनं सांग."

"सांगते," मी म्हणाले.

सविता उठली, चेहऱ्यावर रंग आला होता. आम्ही भाकरी, दाळगंडोरी म्हणजे डाळ-वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. काकूंनी पिशवीत हरभऱ्याची डाळ भरून दिली. काका दुपारी आले, गप्पा गावाच्या झाल्या, आणि तीनच्या गाडीला आम्ही परत निघालो.

गाडीत सविताने विचारलं, "मी झोपले तवा काय म्हणल्या गं काकू? घराचं?"

आता इथं मी जे केलं ते जसंच्या तसं लिहिते. माझ्या ओठांवर सगळं होतं. बंटी, दूध, लॉरी, सगळं. तेवढ्यात सविता हसून म्हणाली, "मला तर बंगलाच आवडलाय. फाटकावर गजाननच्या नावाची पाटी लावू." आणि माझ्या आत काहीतरी घट्ट मिटलं. मला वाटलं, लाव पाटी. जा. बस त्या बंगल्यात. कळू दे एकदा परदेश म्हणजे काय असतो ते.

"म्हणाल्या, जागा मोकळी असावी," मी म्हणाले.

एवढंच. खोटं एका वाक्याचं होतं आणि ते इतकं सहज निघालं की माझी मलाच भीती वाटली. हिंगोली येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते, की गजानन काही काकांसारखा नाही, त्याच्या कंपनीची बस असेल, तो गाडी घेऊन देईल, जुई कुठं दूध आणायला जाणार आहे. माणूस स्वतःची समजूत किती पटपट काढतो!

शुक्रवार. आखाडा बाळापूर.

नांदेड रोडची बस. कळमनुरीला दहा मिनिटं थांबते, तिथं स्टँडवरचे मिरची भजे गरम असतील तरच घ्या. आज सविताला त्रास कमी झाला. मला रात्री झोप लागली नव्हती, पण ते मी तिला सांगितलं नाही. बाळापूरला रस्त्यावर ट्रकांची ही गर्दी, बाजारात कांद्याचे ढीग, टरबुजाच्या गाड्या, भोंगे. आम्ही दोन टरबुजं घेतली, कारण कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं.

माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या मावशी, नसीमखाला, बाजारामागच्या गल्लीत राहतात. खालूंचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, शिलाईचं दुकान आहे. दोघं बारा वर्षं ओमानात होते. खालांनी बिनदुधाचा लिंबू पिळलेला चहा छोट्या पेल्यांत दिला आणि सविताला आपल्या शेजारी बसवून घेतलं. आज सविताच विचारत होती, आणि वहीत लिहूनही घेत होती. तिची ती वही बघून मला आणखीच चिडायला झालं. प्रवासात वही माझ्या हातात असते.

"सबसे पहले पानी देखो," खाला म्हणाल्या. "टाकी छतपर रहती. गर्मी में नल का पानी ऐसा आता, उसमें चाय हो जाए. हम लोग क्या करते, गीझर बंद कर देते. गीझर घर के अंदर रहता ना, उसका पानी ठंडा. गरम नल का पानी ठंडा और ठंडे का गरम. बराबर उल्टा!"

सविता खळाळून हसली. खाला पुढं सांगत गेल्या. पश्चिमेला खिडकी असलेली खोली घेऊ नका, संध्याकाळी भट्टी होते. एसी जुने असतील तर आधी बदलून मागा. धुळीचं वादळ येतं तेव्हा दाराखाली ओला टॉवेल लावा. शाळेची बस दाराशी येते की नाक्यावर, हे भाडं ठरवायच्या आधी विचारा. घर घेणाऱ्यांनी हे सगळं लिहून ठेवावं, म्हणून मीही इथं लिहिलं.

"खाला, आमचा तर बंगला हाय. मोकळा. वाळवंटाला लागून," सविता म्हणाली.

खालांनी मान हलवली नाही. "अकेली रहेगी दिनभर?"

"ऊन तर आमच्याकडं पण असतंच की," मीच मधे पडले. "पंचेचाळीसला जातं."

खालांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "धूप तुम्हारी भी है बाई," त्या म्हणाल्या. "मगर तुम्हारी धूप में नीम है."

त्या वाक्यापाशी मी सांगायला हवं होतं. सविता माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "हिला मोकळं आवडतं, खाला. लहानपणापासून." आणि टरबूज कापायला उठले. टरबूज लालभडक निघालं, गोड होतं.

परतताना सविता म्हणाली, "खाला जरा भित्र्याच वाटल्या. मालतीकाकू वावरात राहणाऱ्या, त्यांना बराबर कळतं." म्हणजे माझ्या एका वाक्याने काकूंचं मत बंगल्याच्या बाजूला जाऊन बसलं होतं.

शनिवार. हट्टा.

हट्टा हे सविताचं सासर. औंढ्यावरून वसमत आणि वसमतहून जीप, असे आम्ही गेलो. सोबत जुई होती, आजी-आजोबांना भेटायला. वसमत तालुक्यात चैत्रात गेलात तर नाकाने रस्ता शोधता येतो, इतका हळदीचा वास असतो. जागोजाग कढयांखाली जाळ पेटलेला, शिजलेली हळद अंगणात, खळ्यावर, शाळेच्या मैदानावरसुद्धा वाळत घातलेली. सविताच्या सासरीही अख्खं अंगण पिवळं. जुई चप्पल काढून त्यात पळाली आणि तिचे तळवे पिवळे झाले.

सविताच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो, ठाम बाई आहेत. त्यांनी फोटो बघितले नाहीत, नुसतं विचारलं, "अंगण कुण्या घराला हाय?"

"बंगल्याला."

"मग झालं की. वाळवण कुठं घालंल, लेकरू कुठं खेळंल? तिसऱ्या मजल्यावर काय पतंग उडवायचे? ऊन आपल्या अंगवळणी पडलेलं हाय." त्यांनी उडदाच्या पापडाचं पीठ एका डब्यात भरूनही ठेवलं होतं, ओमानच्या अंगणात लाटायला.

जेवण झालं. वांग्याची भाजी, वरण, भात, शेवयांची खीर. चार वाजता गजाननचा व्हिडिओ कॉल आला. फोन खांबाला टेकवून ठेवला. एका बाजूला बाई, मधे सविता, मी मागं पलंगावर.

"ठरलं का? मालक समोरच्या खोलीत बसलाय," गजानन म्हणाला.

"बंगला," सविता म्हणाली.

"आगं पण तिघांना तीन खोल्या अन् हॉल काहून पाहिजे? बाजारातलं पण वाईट न्हाई."

"तिसरी खोली ताईला," सविता म्हणाली.

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"ताई दरवर्षी यायची सुट्टीत. महिनाभर ऱ्हायची, फिरायची, तिचं ते लिहायची. दाजी न्हेत न्हाईत तिला कुठं. बाजारातल्या घरात तिला कुठं झोपवू, स्वयंपाकघरात? मी पहिल्या दिवशीच ठरवलं व्हतं. म्हणून तर बंगला म्हणायले." मागं वळून ती मला म्हणाली, "तुला सांगणार नव्हते. तिकीट काढून एकदमच सांगायचं व्हतं."

बाई कौतुकाने हसल्या. गजानन म्हणाला, "मग काय, घेऊन टाकतो." अंगणात जुई उन्हात उभी राहून हळदीची बोटं भिंतीला पुसत होती.

वाचकहो, खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की गप्प बस. तुझी खोली आहे ती. नऊ वर्षं वाट बघितलीस. दुधाचं काय, गजानन दूध आणून ठेवेल. मी हे लपवणार नाही. मत्सर होता तोवर निदान मला त्याचं नाव माहीत होतं. आता त्याच्या जागी हाव येऊन बसली होती, आणि ती जास्त गोड बोलत होती.

मग जुईने आवाज दिला, "मावशी, पाणी." तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

"बंगला घेऊ नका," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की गजाननने तिकडं मान वर केली. "मालतीकाकूंचा पोरगा तिथं रस्त्यात पडला होता. अशाच घरात. दूध आणायला निघाल्या होत्या. मरता मरता वाचला." एकदा सुरू झाल्यावर सगळंच बाहेर आलं. गोडाऊन, लॉरी, चार दिवसांचा दवाखाना, जिना उतरला की दुकान पाहिजे, सगळं.

मग बाईंनीच विचारलं, "हे कवा सांगितलं तिनं?"

"परवा."

"परवा? मग परवाच काहून न्हाई सांगितलंस?"

थापा मला सुचत होत्या. विसरले, वेळ मिळाला नाही, सविता घाबरली असती. सविता माझ्याकडं बघत होती आणि तिला त्यातली कुठलीही चालली असती, ती लगेच मान्य करणार होती, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"जळत होते मी तिच्यावर," मी म्हणाले. "म्हणून."

गजाननने खाली बघितलं. "बाजारातलं घेतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. बाई उठून अंगणात गेल्या, जुईला उचलून सावलीत आणलं आणि ओंजळीने पाणी पाजलं. माझ्याशी त्या नंतर बोलल्या, पण चहा हवा का एवढंच.

परतीची गाडी साडेपाचची. निघताना मी सविताला उलटीची गोळी पुढं केली. तिने पर्समधून स्वतःची काढली आणि पाण्याशिवायच गिळली. जुई तिच्या मांडीवर झोपून गेली होती, पिवळे पाय माझ्या बाजूला. औंढ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सविता खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्यावर जळलीस ते चालंल ताई. मला माहीत व्हतं ते. पण जुईला तू न्हाऊ घातलंस ना गं. माझ्या बाळंतपणात सव्वा महिना तूच घालत व्हतीस."

मी हो म्हणाले.

घरी.

सविता आणि जुई मेच्या शेवटी गेल्या. मी हैदराबादच्या विमानतळापर्यंत सोडायला गेले नाही, सुट्टी नव्हती असं सगळ्यांना सांगितलं. विमानात तिला उलटी झाली नाही म्हणे.

ज्यांना खरोखर घर निवडायचंय, त्यांच्यासाठी तीन दिवसांचं सार असं. तिकडचं ऊन इकडच्या उन्हाने मोजू नका. घर किती मोठं यापेक्षा दुकान, दवाखाना आणि शाळेची बस किती पावलांवर, ते बघा. टाकी, खिडकीची दिशा आणि एसी, हे तिन्ही विचारा. एकट्या बाईला आणि लेकराला दिवसभर ज्या घरातून उतरता येतं, ते घर चांगलं. आणि चौकशीला जाताना जिला राहायचंय तिने सगळं स्वतःच्या कानांनी ऐकावं, भले उलट्या होत असल्या तरी. सोबतच्या माणसावर सोडू नका, सख्खी बहीण असली तरी.

सविताचं बाजारातलं घर बराबर निघालं. जून-जुलै त्यांनी तिथंच काढले. जिना उतरला की बेकरी, बेकरीवाला केरळचा, त्याची बायको सविताची मैत्रीण झालीय. जुई संध्याकाळी तिच्या पोरींसोबत जिन्यात खेळते. रविवारी फोन येतो, आई बोलते, मी बोलते. सविता सगळं दाखवते. ओटा, फ्रिज, खिडकीतून दिसणारी मशीद, जुईची शाळेची बॅग. चांगली बोलते, हसते पण. आणि माझं म्हणाल तर पोटातलं दुखणं काही गेलेलं नाही. परवा तिने समुद्राचा फोटो पाठवला आणि मी तो दिवसभर उघडला नाही.

गेल्या रविवारी आईने तिला विचारलं, "दोन खोल्यांत अडचण न्हाई का व्हत गं?"

"न्हाई," सविता म्हणाली. "तिघांना पुरतंय."

फोन माझ्या हातात होता. मी थोडा वेळ तसाच धरून ठेवला, ती आणखी काही म्हणते का बघायला. तिने जुईच्या शाळेचं सांगायला घेतलं.